भस्म न करणारा किरण

कीर्तनकाराला एक रोग असतो आणि तो टाळ्यांनी बळावतो. समोर चारशे माणसं बसलेली असावीत, मृदंग चढत्या लयीत असावा आणि एखाद्या वाक्याला बायकांच्या बाजूने ‘अहाहा’ असा एकच सूर उठावा. मग पुढचं वाक्य डोक्यात तयार होत नाही, थेट जिभेवर येऊन उभं राहतं. माझे वडील याला जीभ सुटणं म्हणत. “गाय सुटली तर शेजाऱ्याची वांगी खाते, जीभ सुटली तर आपलंच घर खाते,” असं सांगत. सांगत खरे, पण त्यांचीही सुटत असे.

चौऱ्याऐंशी सालच्या रामनवमी उत्सवात, सातव्या दिवशी, रविवारी संध्याकाळी, आवडी नावाच्या गावी, सेंट्रल क्वार्टर्समधल्या मंडपात माझी सुटली.

मी गुरुमूर्ती. दिवसा तिथल्याच कारखान्याच्या स्टोअर्समध्ये हेडक्लार्क, संध्याकाळी भागवतर, म्हणजे कीर्तनकार. घराणं तंजावरचं, चार पिढ्या कीर्तनाची. इकडे ऐकायला सगळे येतात, तमिळ, तेलुगू, आमच्यासारखे मराठी. म्हणून बोलणं तमिळात आणि साकी-दिंडी मात्र मराठीत. अर्थ कळला नाही तरी माना डोलतात. चाल कळते ना!

त्या दिवशी निरूपणाचा विषय होता, देवाची कृपा भक्तापर्यंत पोचते कशी. दृष्टांत ठरलेला होता, सूर्य आणि कमळ. वडिलांनी दिलेला, मी शंभर वेळा सांगितलेला. पण उकाडा भयंकर होता. माणसं ताडाच्या पंख्यांनी वारा घेत होती, आणि तिसऱ्या रांगेत एकाने जांभई दिली ती मला दिसली. जांभई दिसली की कीर्तनकार घाबरतो. त्या घाबरण्यात मला माझी लेक आठवली.

“कमळ राहू द्या बाजूला!” मी चिपळ्या वाजवून म्हणालो. “आमच्या कृष्णवेणीचं ऐका. इंजिनियर आहे, तुम्ही सगळे ओळखता. ती म्हणते, छत्तीस हजार किलोमीटर उंचीवर बहुतेक रात्रच नसते, ढग तर नाहीतच. तिथे उपग्रह सोडायचे, त्यांच्यावर सूर्यपट्ट्यांचं शेत पसरायचं. तेज तिथे गोळा करायचं आणि खाली पाठवायचं. खांब नाही, तार नाही, नुसत्या लहरींवर! खाली जाळं अंथरलेलं. जाळ्यात तेज पडलं की झाली वीज. अहो, देवाला तरी कुठे तार लागते?”

‘अहाहा’ उठलं. पंखे थांबले.

इथवरचं कृष्णवेणीचं होतं. पुढचं माझं.

“तो किरण म्हणजे काय समजता? महादेवाचा तिसरा डोळा! आड हत्ती आला तर हत्ती भस्म! पक्षी आला तर पिसाचीही राख नाही! आणि येत्या शनिवारी तो किरण उतरणार आहे कुठे? इथे! या समोरच्या मैदानात, तुमच्या डोळ्यांदेखत!”

टाळ्या अशा पडल्या की माझ्यामागे झांजा धरून उभा असलेला उमाकांत, वीस वर्षांचा माझा साथीदार, ताल चुकला. शेवटचं मंगलम् झाल्यावर तो माझ्या कानाशी म्हणाला, “भागवतर, आज तुम्ही कमळाला पेन्शनीत काढलंत.” मी हसलो. घरी येऊन दोन वाट्या दहीभात जास्त खाल्ला.

सोमवारी सकाळी अजून दाढीचा साबण गालावर होता तेव्हा राघोत्तम दारात आले. ते आमच्या रहिवासी संघाचे सेक्रेटरी. कुंभकोणमकडले, जुन्या घरोब्यातले, माझ्याहून दहा वर्षांनी वडील. हातात टाइप केलेला कागद होता.

“भागवतर, मैदान मिळणार नाही.”

“कुठलं मैदान?”

“शनिवारचं. पहाटेपासून माझ्या दारात रांग लागलीय. पहिल्या ब्लॉकचे म्हणतात, आमच्या गच्चीवर कपडे वाळत असतात, ते पेटतील. दुसऱ्याचे म्हणतात, टाकीचं पाणी उकळेल. एक म्हातारी विचारते, किरण उतरताना डोक्यावर ओला पंचा ठेवला तर चालेल का.”

मला हसू आलं. राघोत्तम हसले नाहीत.

“मी सही करून दिली होती परवानगीवर. आता संघाच्या सभासदांनी ती परत घ्यायला लावली. हे पत्र. तुमच्या लेकीला कळवा.”

साबण गालावर वाळत होता. काय घडलंय ते तेव्हा मला कळलं.

शनिवारी आभाळातून काहीसुद्धा उतरणार नव्हतं. तो उपग्रह कुठेच नव्हता. तो अजून कागदावर होता, तोही परदेशातल्या कागदांवर. कृष्णवेणी अड्यार नदीपलीकडच्या एका संशोधन संस्थेत होती आणि या सगळ्या पसाऱ्यातला शेवटचा तुकडा, खालचं जाळं, तेवढंच लहान आकारात करून पाहत होती. मैदानाच्या एका टोकाला तबकडी ठेवायची. तिच्यातून सूक्ष्मलहरी सोडायच्या, म्हणजे रेडिओच्या लहरींच्या धाकट्या बहिणी. साठ मीटरवर दुसऱ्या टोकाला लाकडी चौकट उभी करायची, तिच्यावर काड्यांसारखे शेकडो अँटेना, प्रत्येकाला मुगाएवढा एक डायोड, लहरींची वीज करणारा. मधे तार नाही, आणि चौकटीमागे बारा छोटे दिवे लागले पाहिजेत. एवढंच. ते बघायला दिल्लीहून तीन जणांची समिती येणार होती. त्यांना पटलं तर काम पुढे चालणार, नाही पटलं तर कृष्णवेणीची चार वर्षं एका फाइलीत बांधून कपाटात जाणार. संस्थेच्या आवारात झाडी दाट, जिथे मोकळं होतं तिथे इमारतीचा पाया खणलेला. म्हणून हे मैदान. वरच्या परवानग्यांसाठी ती चार महिने खेटे घालत होती. खालची एक मी मिळवून दिली होती आणि मीच घालवली.

राघोत्तमांच्या घरून कृष्णवेणीच्या संस्थेत फोन लावला. ती लाइनवर आली, मी सांगितलं.

“अप्पा,” ती म्हणाली, “भस्म कुठून आलं?”

“आलं गं बोलता बोलता.”

“हत्ती?”

“तोही.”

“मी येतें,” ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि दारोदार निघालो. पाय एका जागी ठरत नव्हते. पहिल्या ब्लॉकपासून सुरुवात केली. प्रत्येक दारात तेच: किरण काही जाळत नाही, दुपारच्या उन्हापेक्षा कितीतरी कमी असतो, मी कथेच्या भरात बोललो. माणसं ऐकून घेत. “या मामा, बसा मामा,” म्हणत. लोटीभर ताक देत. आणि शेवटी एकच विचारत: “मग रविवारी तसं का सांगितलंत?”

दुसऱ्या ब्लॉकमध्ये कामाक्षी राहायची. सातवा महिना. याआधी दोन वेळा तिचं पोट रिकामं झालं होतं, हे सगळ्या क्वार्टर्सला ठाऊक होतं. ती दारात आली, एक हात चौकटीवर, एक पोटावर.

“मामा, तुम्ही रविवारी मृदंगाच्या साथीने सांगितलंत. आज चप्पल हातात घेऊन सांगताय. मी कुठलं खरं धरू?”

तिच्या अंगणात तुळशीपाशी लिंबू-मिरची बांधलेली दिसली, ताजी.

परतताना राघोत्तम सायकल ढकलत भेटले. म्हणाले, “दारं झिजवू नका, भागवतर. तुमच्या वडिलांना मी ऐकलंय. एकदा कुंभकोणमला त्यांनी एकादशी चुकीच्या दिवशी सांगितली. गाव उपाशी राहिलं, तेही दशमीला. आठवतं?”

“ऐकलंय.”

“दुसऱ्या दिवशी गळ्यात माळ घालून, बुक्का लावून, नारदाच्या गादीवर उभे राहिले आणि म्हणाले, ‘काल चुकलों.’ गादीवरून बोललेलं गादीवरूनच परत घ्यायचं, असा त्यांचा नेम. दारात घेतलं तर लोक म्हणतात, माणूस दबला. तुमच्या लेकीसाठी तुम्ही दबलात, असंच म्हणतायत सगळे.”

नारदाची गादी म्हणजे काय, तर कीर्तनकार उभा राहतो ती दोन हात जागा. माळ गळ्यात पडल्यापासून मंगलम् म्हणेपर्यंत तिथे उभा राहणारा मी नसतो, असं आम्ही मानतो. म्हणून तिथलं बोलणं जड. उत्सवाचे आता तीनच दिवस उरले होते. सोमवारची कथा दुसऱ्या एका भागवतरांची होती, मंगळवारी दुपारी रामजन्म, बुधवारी पट्टाभिषेक, म्हणजे रामाचा राज्याभिषेक. पट्टाभिषेकानंतर मंडप उतरतो.

संध्याकाळी कृष्णवेणी आली. सव्वीस वर्षांची, बोटांना सोल्डरिंगच्या डाळीएवढ्या डागण्या, खांद्याला पिशवी. चंद्रिकेने, म्हणजे तिच्या आईने, ताट वाढलं. तिने हात लावला नाही.

“अप्पा, मी काय करतें म्हणून तुम्हांला माहीत आहे?”

“आहे की. जाळं, लहरी…”

“किती वॅट?”

मी चंद्रिकेकडे पाहिलं. तिने डाळीच्या पातेल्यात पाहिलं.

“किती वॅट, अप्पा? चौरस मीटरला?”

“ते कशाला लागतं दृष्टांताला?”

“पोदुम,” ती म्हणाली. पुरे. “मी सांगतें तेव्हा तुम्ही ऐकत नाही. तुम्ही वेचता. कुठलं वाक्य कथेला चालेल म्हणून वेचता. लहानपणापासून. मला ताप आला तरी त्याचा दृष्टांत.”

“गोवरसुद्धा,” चंद्रिका डाळ घोटत म्हणाली. “पोरीच्या गोवरावर यांनी प्रल्हाद लावला होता.”

“तू गप्प बस.”

“मी गप्पच असते. घरात बोलायला तुम्ही आहात ना.”

मी उद्या रामजन्माच्या वेळी गादीवरून सांगेन, असं वचन दिलं. कृष्णवेणी म्हणाली, “सरि.” बरं. विश्वास ठेवल्यासारखं नाही म्हणाली.

मंगळवारी दुपारी मंडप गच्च होता. पाळणा फुलांनी झाकलेला. कौसल्येच्या डोहाळ्यांपाशी मी थांबलो, आता सांगू म्हणून, आणि समोर कामाक्षी दिसली, पाळण्याकडे बघत, ओठ हलत असलेली. तिच्यासमोर भस्माचा विषय कसा काढू? पुढे गेलो. ऋषी आले तेव्हा थांबलो. मृदंगवाल्याला वाटलं मी श्वास घेतोय, त्याने एक सुंदर तिहाई घातली आणि लोक ‘वा’ म्हणाले. पुन्हा पुढे गेलो. बारा वाजले, पाळणा हलला, गुलाल उडाला, सुंठवडा वाटला. चार वेळा शब्द ओठांपर्यंत आला आणि चारही वेळा मी तो गिळला. खरं सांगतो, रसभंगाची भीती हे निमित्त होतं. चारशे माणसांसमोर ‘मी मनचं बोललो’ असं म्हणायला जीभ वळत नव्हती. जी रविवारी इतकी सुटली होती, तीच.

कृष्णवेणी खांबाला टेकून उभी होती. सुंठवडा न घेता घरी गेली.

घरी पोचलो तर ती पिशवी भरत होती. “उद्या संध्याकाळपर्यंत मैदान नाही मिळालं तर समितीला येऊं नका म्हणून कळवायचं. आमच्या प्रमुखांनी तेवढीच मुदत दिलीय. मी आत्ताच कळवतें. तेवढाच त्यांचा एक दिवस वाचेल.”

“एक दिवस थांब.”

“कशाला, अप्पा?”

मी जमिनीवर बसलो. उन्हाने लादी तापली होती. “किती वॅट ते सांग,” म्हणालो.

ती उभीच राहिली. मग आतून तिने आईचं रांगोळीचं पीठ आणलं आणि लादीवर काढायला लागली. ही पृथ्वी, हा उपग्रह. इतक्या लांबून येताना किरण पसरतो, म्हणून खालचं जाळं काही किलोमीटर लांब-रुंद लागतं. मुद्दामच पातळ ठेवतात: जाळ्याच्या मधोमध, जिथे सगळ्यांत जास्त, तिथेसुद्धा भर उन्हाच्या चौथ्या हिश्श्याइतका. त्याहून दाट करायचा नाही म्हणूनच तर एवढं मोठं जाळं. “शस्त्र होऊ नये म्हणून, अप्पा. तुम्ही तेच केलंत त्याचं.” शनिवारी आपल्याकडे चौकटीपाशी चौरस मीटरला तीस वॅट. ऊन हजार असतं.

“म्हणजे उन्हापेक्षा…”

“तेहेतिसावा हिस्सा. पण ऊन आणि हे एक नव्हे. ऊन कातडीवर थांबतं, हे थोडं आत जातं. म्हणून दोरी बांधायची, मधे कोणी जायचं नाही. हेही सांगा. अर्धं सांगूं नका.”

मी पुन्हा पुन्हा विचारलं. तिने पुन्हा पुन्हा सांगितलं. मधे मी म्हणालो, “म्हणजे जशी भक्ती पातळ…” तिने वर पाहिलं. मी गप्प झालो. चंद्रिका पीठाभोवतीने पाय उचलून जात-येत होती. म्हणाली, “पुसूं नका रे ते, उद्या घोकायला लागेल यांना.”

रात्रभर आणि बुधवारी दिवसभर मी ते घोकलं. स्टोअर्समध्ये नट मागितले तर बोल्ट लिहून दिले. तीस वॅट, तेहेतिसावा हिस्सा, साठ मीटर. आयुष्यभर साक्या रचल्या. पण ‘चौरस मीटरला तीस वॅट’ कुठल्या साकीत बसवणार? संध्याकाळी सहाला अंघोळ करून मंडपात गेलो. राघोत्तमांनी बुक्का लावला, माळ घातली. मी उमाकांतला म्हणालो, “आज सुरुवातीला वाजवू नकोस.”

“काही चुकलं का माझं?”

“माझं चुकलंय. कोरडंच बोलायचंय.”

नमन झालं. मी चिपळ्या खाली ठेवल्या. गादीवर चिपळ्यांविना उभा राहिलो की हात कुठे ठेवावेत ते कळत नाही.

“रविवारी मी याच जागेवरून बोललो, ते निम्मं खरं होतं आणि निम्मं मी रचलं,” मी म्हणालो. “शनिवारी आभाळातून काही उतरणार नाही. उपग्रह अजून झालेलाच नाही. हत्ती भस्म होत नाही. पक्षी जळत नाही. मी तो प्रयोग डोळ्यांनी पाहिलेला नाही. लेकीला नीट विचारलंही नव्हतं. तिसऱ्या रांगेत जांभई आली म्हणून मी ते बोललो.”

कुणी ‘अहाहा’ म्हणालं नाही. तिसऱ्या रांगेतल्या माणसाने मान खाली घातली, बिचारा. मग मी वॅट सांगितले, मीटर सांगितले, दोरी सांगितली, आत थोडं जातं तेही सांगितलं. मधे दोन आकडे उलटे झाले, ते थांबून सुलट केले. मागे चुळबुळ सुरू झाली. चार-पाच जण उठून गेले. त्यांतला एक जाता जाता म्हणाला, “पट्टाभिषेकाला आलो, फिजिक्सच्या तासाला नव्हे.” ते मला ऐकू आलं. सगळ्यांनाच आलं.

आणि मग बायकांच्या बाजूने आवाज आला, “मामा.”

कीर्तनात कोणी मधे विचारत नाही. माळ गळ्यात असलेल्याला तर नाहीच. कामाक्षी उभी राहिली होती. तिची सासू तिचा पदर ओढत होती.

“पोटातल्या पोराला त्याने काही होतं का, तेवढं सांगा.”

मी पाठ केलेलं सगळं शोधलं. त्यात हे नव्हतं. रविवारचा मी असतो तर तिथल्या तिथे श्लोक म्हणून तिला अभय देऊन टाकलं असतं आणि ती रडत रडत बसली असती. तो शब्द आलाही जिभेवर. मी दातांनी धरला.

“मला माहीत नाही,” मी म्हणालो. “कृष्णवेणी, तू सांग.”

ती बायकांतच बसली होती. गादीकडे आली नाही. जिथे होती तिथेच उठली, कामाक्षीकडे वळली आणि घरात बोलावं तसं बोलली.

“अक्का, दोरीच्या बाहेर किती पोचतं ते मी मोजलंय. ठरवून दिलेल्या मर्यादेच्या शंभराव्या हिश्श्याहून कमी. तुमच्या घरात त्याहून कमी. पण ती मर्यादा ठरवतांना पोटातल्या पोरांचा किती विचार केला म्हणून मला नक्की ठाऊक नाही. मी शोधलं, मला सापडलं नाही. मला स्वतःला भीती वाटत नाही. पण तुम्ही भिऊं नका म्हणून सांगायला मला जमणार नाही.”

आता संपलं, असं वाटलं. पोरी, एवढं खरं कशाला!

कामाक्षीने सासूच्या हातातून पदर सोडवला. मग म्हणाली, “किती वेळ चालेल?”

“नऊपासून अकरापर्यंत.”

“मी शुक्रवारी पेरांबूरला आईकडे जाते. शनिवारी जेवायला परत येते. तुम्ही करून घ्या.” ती बसली, आणि बसता बसता, सासूला की स्वतःला कोण जाणे, म्हणाली, “दोन्ही वेळा डॉक्टर म्हणाले काही होत नाही. ‘माहीत नाही’ असं आजच कोणीतरी म्हणालं.”

मी राघोत्तमांकडे पाहिलं. त्यांनी नुसता हात हलवला: पट्टाभिषेक करा आधी. मी चिपळ्या उचलल्या, उमाकांतने झांजा उचलल्या, आणि रामराय सिंहासनावर बसेपर्यंत मी काय गायलो ते मला आठवत नाही. बरं गायलो नसणार.

मंगलम् झाल्यावर राघोत्तमांनी माझ्या गळ्यातली माळ काढली आणि तिथेच संघाच्या लोकांना विचारलं. कुरकुर झाली. टाकीवर झाकण पाहिजे, कपडे वाळत घालायचे नाहीत, खिडक्या बंद. एक म्हणाला, दोरीवर माणूस पाहिजे; मैदानात म्हशी येतात.

“माणूस आहे,” राघोत्तम म्हणाले आणि माझ्याकडे बोट केलं. “दोन तास, तोंड बंद ठेवून.”

उमाकांत म्हणाला, “दोरीपेक्षा दुसरंच कठीण आहे हो त्यांना.”

शनिवारी सकाळी नऊला सगळ्या खिडक्या बंद होत्या. पण फटी होत्या, आणि फटींत डोळे होते. समितीचे तिघे टॅक्सीने आले; त्यांतल्या एका वृद्ध गृहस्थांनी उन्हासाठी छत्री आणली होती, ती कृष्णवेणीने नम्रपणे मिटायला लावली, कारण छत्रीच्या काड्या लोखंडाच्या होत्या आणि लोखंडावरून लहरी उलटतात. मला तबकडीच्या मागच्या कोपऱ्यात उभं केलं होतं. तिथून चौकटीची फक्त तोंडाची बाजू दिसायची. दिवे मागच्या बाजूला, समितीच्या समोर.

मी दोरी धरली. सोडली. पुन्हा धरली. तबकडीतून काहीच निघताना दिसेना. ना आवाज, ना रंग. एक कावळा मैदान ओलांडून तिरका गेला, किरणातून गेला की बाजूने ते मला समजलं नाही. तो पलीकडच्या भिंतीवर बसला आणि पंख साफ करायला लागला. मी उगाचच त्याला मोजत राहिलो, एक कावळा, एक कावळा.

चौकटीपाशी कृष्णवेणी वाकली, उठली, पुन्हा वाकली. माणसांच्या हालचालींवरून काही कळतं का, ते मी बघत होतो. छत्रीवाले गृहस्थ पुढे झुकले. लहरी अडवून दाखवायला तिने बाजूने पत्र्याचा एक मोठा तुकडा चौकटीसमोर धरला, काढला, धरला. आणि तिचा आवाज आला, मैदानभर, लहानपणी गच्चीवरून यायचा तसा:

“अप्पा! लागले! अकरा लागले!”

मी पाऊल उचललं. त्याच क्षणी डाव्या बाजूने दोन म्हशी दोरीखाली तोंड घालत होत्या. मी तिकडे धावलो. “है! है!” करत, धोतर सावरत, त्यांना गटाराकडे वळवलं. एक गेली. दुसरीने माझ्याकडे बघून शेपूट हलवलं आणि तिथेच उभी राहिली. तिच्या पाठीला खांदा लावून ढकलताना मी मान वळवून पाहायचा प्रयत्न केला. चौकटीची पुढची बाजू दिसली. उन्हात तिच्या काड्या नुसत्या चमकत होत्या.

म्हैस हलेपर्यंत तबकडी बंद झाली होती.

समिती काय लिहील ते जूनशिवाय कळणार नव्हतं. छत्रीवाले गृहस्थ जाताना कृष्णवेणीला म्हणाले, “बारावा का नाही लागला?” ती म्हणाली, “एक डायोड गेलाय.” ते काही न बोलता टॅक्सीत बसले. यातून बरं समजायचं की वाईट, यावर आम्ही सामान आवरत अर्धा तास घातला. टॅक्सी गेल्यावर खिडक्या एकेक करून उघडल्या.

दुपारी पानावर बसलो. चंद्रिका रसम वाढता वाढता थांबली. तिने सकाळभर खिडकी लावून घेतली होती. आमची खिडकी मैदानाच्या उलट्या बाजूला.

“कसे दिसले हो दिवे? मला सांगा की. तुम्ही तर तिथेच होतात.”

माझं तोंड उघडलं. नक्षत्रं आली, दीपमाळ आली, कौसल्येच्या महालातले हिरे आले. सगळे एकदम जिभेच्या दारात उभे.

“मी पाहिले नाहीत,” मी म्हणालो. “मी म्हशी हाकत होतो.”

चंद्रिका पळी हातात घेऊन माझ्याकडे बघत राहिली, मग लेकीकडे. कृष्णवेणीने घास खाली ठेवला. ती सांगायला लागली: आधी एक लागला, मंद, उन्हात दिसेनासा, हाताची ओंजळ करून पाहायला लागलं. मग चौथा आणि सातवा एकदम. मी मधे काही विचारणार होतो. नाही विचारलं. मांडी घालून ऐकत बसलो, पण गुडघा हलायचा थांबत नव्हता. जून अजून लांब होता.